तिसरी बाटली

माझे काका कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी त्यांची नजर आधी ओट्यावरच्या वजनकाट्याकडे जाते. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं आणि भेसळ तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली. खालून पोखरलेली वजनं, बुडाला आत पोचा पाडलेली मापं, काट्याखाली लपवलेलं लोहचुंबक हे सगळं त्यांनी इतक्या वेळा पकडलंय, की सरळ वागणारा माणूस दिसला तर ते अस्वस्थ होतात. हा अजून सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ ते लावतात. काकू सांगते, "आमची पहिली भेट झाली तेव्हा यांनी माझ्या हातातला चहाचा कप घेतला आणि पिण्याआधी तोलून बघितला. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

अशा माणसाला वयाच्या साठाव्या वर्षी कॉकटेलचा नाद लागला, आणि तोही संशयातूनच लागला.

निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी त्यांना एका हॉटेलच्या बारमध्ये नेलं. तोवर काका वर्षातून एखाद्या वेळी बिअरला ओठ लावत, तेवढंच. काउंटरमागचा बारटेंडर डोक्यावर तिरकी टोपी घालून एका छोट्या दुतोंडी मापाने दारू ओतत होता. काका निरोपाची भाषणं सोडून त्या मापाकडेच बघत बसले. दोन दिवसांनी ते स्वतःचं काचेचं मोजपात्र पिशवीत घालून परत गेले आणि त्याला म्हणाले, "तुझ्या साठ मिलिलिटरच्या मापात सत्तावन्नच बसतात."

टोपीवाला हसला. "साहेब, तुम्ही रिटायर झालात ना? मग आता दंड करता येणार नाही. या आत, बरोबर मापाने एक बनवून दाखवा."

काका आत गेले ते चार तासांनी बाहेर आले. घरी येऊन जेवतानाही त्यांचं तेच चालू होतं. "दुकानदार माप मारतो तेव्हा गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. इथे पाच मिलिलिटर लिंबू जास्त पडू दे, जीभ तिथल्या तिथे तक्रार नोंदवते."

त्यानंतर मागच्या खोलीत हळूहळू एक प्रयोगशाळा उभी राहिली. खात्याने भंगारात काढलेलं लोखंडी कपाट काकांनी आधीच घरी आणलं होतं. त्यात बाटल्या लागल्या. मापं तर होतीच, शेकर आला, लांब दांड्याचा चमचा आला, जाळीची गाळणी आली. बर्फ काचेसारखा पारदर्शक व्हावा म्हणून ते फ्रीजरमध्ये थर्माकोलच्या डब्यात पाणी लावत आणि दुसऱ्या दिवशी करवतीने त्याचे चौकोन कापत. संत्र्याची साल, दालचिनी, कडू मुळं असलं काहीबाही दारूत मुरवून ते स्वतःचे अर्क बनवत. एका पेयात असा अर्क दोनच थेंब घालायचा असतो. पण त्या दोन थेंबांसाठी त्यांची तीन-तीन आठवडे तयारी चाले. पिणं मात्र शनिवारी संध्याकाळी एक पेला, बस. बाकी सगळं आमच्यावर. मी त्या वेळी केमिकल इंजिनिअर होऊन एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते आणि त्यांच्याकडेच राहत होते. मला प्रत्येक पेल्यावर लेखी मत द्यावं लागे. काकू तोंडी देई, आणि दर वेळी एकच: "खोकल्याचं औषध आहे. पण महाग खोकल्याचं."

या घरात पायलटमामा राहायला आला.

तो काकूचा धाकटा भाऊ. बस चालवायचा, म्हणून सगळे त्याला पायलट म्हणत. दारूपायी त्याची ती नोकरी गेली, संसारही गेला. उपचार घेऊन त्याने दारू सोडली, आणि सुटून सहा महिने झाल्यावर काकू त्याला वरच्या खोलीत घेऊन आली. येण्याआधी तिने काकांना कपाट रिकामं करायला सांगितलं होतं. काका तयारही झाले होते. मामाच नको म्हणाला. "भावजी, रस्त्याला लागलो की दहा दुकानं दिसतात. तुमच्या सात बाटल्या फेकून माझं काय होणार? फक्त किल्ली तुमच्याजवळ ठेवा, आणि मला चव बघायला सांगू नका."

काकांनी किल्ली गळ्यातल्या गोफात अडकवली. आणि त्याच संध्याकाळी प्रत्येक बाटलीवर, आतल्या दारूच्या पातळीला, काळ्या मार्करने एक बारीक रेघ ओढली. खाली तारीख.

"किती उडून जाते ते कळायला हवं," ते मला म्हणाले. मी मान डोलावली. मामा दारात उभा होता.

त्याला दीड वर्ष झालं. मामा बसच्या आगारात बसगाड्या धुवायचा. स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती. गाडी जागेवर लावायची असली तरी दुसरा ड्रायव्हर यायचा. मग एका शाळेने त्याला बस चालवायला घ्यायची तयारी दाखवली. अट एकच: ज्याच्या घरी तो राहतो त्या कुटुंबप्रमुखाने लिहून द्यायचं, की गेली दीड वर्षं हा माणूस माझ्या घरी आहे आणि त्याने दारूला स्पर्श केलेला नाही, हे मी स्वतःच्या माहितीवरून सांगतो. कागद सोमवारी सकाळपर्यंत पोचायला हवा होता. नाही पोचला तर ती जागा दुसऱ्याला, आणि असा डाग असलेल्या माणसाला दुसरी शाळा विचारणार नाही, हे मामालाही माहीत होतं.

कागद काकांच्या टेबलावर एक किलोच्या पितळी वजनाखाली ठेवलेला होता. काका बुधवारी सही करणार होते. त्याच बुधवारी त्यांनी बाटली तपासली.

यात माझा हात आहे, तो आधी सांगते. काकांच्या वाढदिवसाला मी त्यांना हायड्रोमीटर दिला होता. काचेची नळी असते. दारूत सोडली की तरंगते, आणि ती किती बुडाली त्यावरून दारूत अल्कोहोल किती टक्के ते कळतं. सोबत एक छापील तक्ता होता, कारण तापमान बदललं की आकडा थोडा हलतो. काकांना तो तक्ता फार आवडला. "कपाटाच्या दाराला आतून लाव, म्हणजे हरवणार नाही," म्हणाले. मी डिंक आणून चारही कोपरे नीट चिकटवून दिले.

त्याच दिवशी त्यांनी नवा अर्क लावला होता. पन्नास टक्के तीव्रतेची साधी दारू, संत्र्याची साल, दालचिनी आणि भरपूर मनुका. खात्याच्या सवयीने तीन सारख्या बाटल्या भरल्या, मनुकासुद्धा तोलून. एक वापरायला, पातळीला रेघ ओढून, एक टोपीवाल्याला चव बघायला, आणि तिसरी शिशाचं सील लावून कपाटाच्या आतल्या कप्प्यात, वर्षभर मुरवायला. दुकानातून माल उचलताना ते असेच तीन नमुने करायचे. एक प्रयोगशाळेचा, एक खात्याचा, एक दुकानदाराचा. "म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, की साहेबाने नमुना बदलला."

तीन आठवड्यांनी, त्या बुधवारी संध्याकाळी, त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मोज."

मी पहिल्या बाटलीतला अर्क गाळून उंच भांड्यात घेतला, नळी सोडली, तापमान बघितलं, तक्त्यावरून दुरुस्ती केली. एक्केचाळीस टक्के.

"मीही तीनदा मोजलं," काका म्हणाले. "एक्केचाळीस. लावली तेव्हा पन्नास होती. आणि तू ओतण्याआधी बाटलीतली पातळी रेघेला बरोबर लागलेली होती, केसभर खाली नाही. पातळी तीच, दम कमी. इंजिनिअर आहेस ना, याचा अर्थ सांग."

"पाणी," मी म्हणाले.

एवढं बोलायला मला एक सेकंदही लागला नाही.

"दुधवाले हेच करायचे," काका म्हणाले. "मापात पूर्ण, कसात कमी." गळ्यातल्या किल्लीवर त्यांचा हात गेला. "अंघोळीला जाताना मी ही काढून ठेवतो."

त्या दिवसापासून त्या घरात कुणी साधं उरलं नाही. काकांनी काकूला सांगितलं. काकू आधी भडकली. "माझ्या भावाला चोर म्हणता?" दुसऱ्या दिवशी मात्र मी तिला जिन्याच्या खाली मामाचा रुमाल नाकाला लावून उभी असलेली पाहिली. माझ्याकडे बघून तिने तो घाईघाईने धुण्याच्या बादलीत टाकला. "लवंगेचा वास येतोय," ती हळूच म्हणाली. "पूर्वी प्यायचा तेव्हाही लवंग चघळायचा."

मग मलाही दिसायला लागलं. मामा हल्ली कमी बोलत होता. बोललाच तर तोंडावर हात ठेवून. गुरुवारी सकाळी तो स्वयंपाकघरातून पेला घेऊन वर गेला. पेल्यात काकांच्या पारदर्शक बर्फाचा तुकडा होता. थोड्या वेळाने तोच पेला त्याने स्वतः विसळून पालथा घातला. एरवी या घरात स्वतःचा पेला विसळणारा पुरुष नाही. शुक्रवारी जेवताना तो पाणी प्यायला आणि डोळे मिटून क्षणभर थांबला. काका, काकू, मी, तिघेही घास हातात धरून त्याच्याकडे बघत होतो.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"काही नाही," आम्ही तिघे एकदम म्हणालो.

शनिवारी काकांनी पेला बनवला नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मामाला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. टेबलावर बाटली, हायड्रोमीटर, आणि वजनाखाली सही न झालेला कागद. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मला काकांनी भांडं धरायला सांगितलं. साक्षीदार म्हणून, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"मी खोटं माप कधी पास केलेलं नाही," काका म्हणाले. "या कागदावर सही करणं म्हणजे माझं सील लावणं. तेव्हा एकदाच विचारतो. कपाटातलं प्यायलास का?"

मामा बाटलीकडे बघत होता. "नाही."

"आकडा वेगळं सांगतोय." काकांनी मोजून दाखवलं. पन्नास, एक्केचाळीस, पातळी. बुधवारपासूनचं सगळं समजावून सांगितलं, अगदी दुकानदाराला सांगत तसं. "आकड्याला नातेवाईक नसतात रे."

"भावजी, आज बुधवार नाही," मामा म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्हाला बुधवारी कळलं. आज रविवार. चार दिवस तुम्ही तिघं माझे वास घेत फिरताय. कुणी एकानं तोंडानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?" मग तो काकूकडे वळला. "ताई, तूसुद्धा?"

काकूने पदर तोंडाला लावला.

"मग लवंग कशाला चघळतोस?" काका म्हणाले.

मामाने बोटाने गाल बाहेर ओढला आणि तोंड उघडलं. खालची मागची दाढ अर्धी तुटलेली होती. हिरडी लालबुंद सुजली होती. "बर्फ यासाठी, लवंग यासाठी. डॉक्टरकडे गेलो तर दुखणं थांबायच्या गोळ्या देईल, शाळेच्या तपासणीत काहीतरी निघेल, आणि पुन्हा सगळ्यांना सांगत बसा. म्हटलं सोमवार होऊ दे."

"दात दुखतोय हे खरं असेल," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता, पण वाकला नव्हता. "म्हणून बाटलीतलं पाणी खोटं ठरत नाही."

मामा खुर्ची पुढे ओढून, एखादा मुरलेला दुकानदार बसावा तसा, दोन्ही हात टेबलावर टेकवून म्हणाला, "माझा नमुना कुठाय?"

"काय?"

"दीड वर्षं जेवताना तुमच्या धाडी ऐकतोय मी. तीन नमुने घेतात. एक दुकानदाराचा. त्याला मान्य नसेल तर सीलबंद नमुना त्याच्यासमोर फोडायचा. मला मान्य नाही. तिसरी बाटली काढा."

काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याच कायद्याने त्यांना कुणी पकडलं नव्हतं कधी. ते उठले. किल्ली काढली, आतला कप्पा उघडला, बाटली टेबलावर ठेवली. भिंग घेऊन सील बघितलं. तार अखंड, शिशावरचा ठसा स्वच्छ, त्यांच्याच जुन्या चिमट्याचा नंबर. "सील शाबूत," ते सवयीने म्हणाले, आणि कात्रीने तार तोडली.

मी गाळून भांड्यात ओतलं. नळी सोडली. ती वरखाली झाली आणि स्थिर झाली.

एक्केचाळीस.

मग काकांनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. "सीलचा चिमटा कुठल्या खणात असतो ते तुला माहीत आहे."

चार दिवस मामाला काय वाटत असेल ते मला त्या एका नजरेत कळलं. काही केलेलं नसताना माझे कान तापले, आणि तोंडातून शब्द निघाला तो चोराच्या तोंडून निघावा तसाच. "मी कशाला..." म्हणता म्हणता माझा हात भांड्याला लागला, बोटाला अर्क लागला, आणि केवळ घाबरून मी ते बोट तोंडात घातलं.

गोड लागलं. चांगलंच गोड.

"काका," मी म्हणाले, "मनुका."

मी रोज कारखान्यात रंगाची घनता मोजते. द्रवात काही विरघळलं की तो जड होतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं होतं. दारूत पाणी घातलं तरी ती जड होते, आणि मनुकांमधली साखर उतरली तरीही जड होते. बिचाऱ्या नळीला दोन्हींतला फरक कळत नाही. ती वर उचलली जाते आणि अल्कोहोल कमी आहे असं सांगते.

"सांगू नकोस, दाखव," काका म्हणाले.

मी धुतलेल्या भांड्यात साधी पन्नास टक्क्यांची दारू घेतली. मोजली, पन्नास. काकूने साखरेचा डबा आणला. दोन चमचे साखर टाकून मी ढवळत बसले. विरघळेपर्यंत पाच मिनिटं तरी गेली, आणि तेवढा वेळ चौघांची नजर त्या भांड्यात. नळी पुन्हा सोडली. बेचाळीस.

काकांनी स्वतः वाकून आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग उठून कपाटाच्या दाराजवळ गेले आणि तक्त्याचा एक कोपरा नखाने उचलायला लागले. निघेना. मी डिंक छान लावला होता. शेवटी काकूने ओलं फडकं आणि सुरी आणली. अर्धा तक्ता फाटला, अर्धा निघाला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना होत्या. तिसरी सूचना अशी होती, की साखर किंवा इतर काही विरघळलेल्या द्रवासाठी हे उपकरण वापरू नये.

काका ती ओळ वाचत बराच वेळ उभे राहिले.

"चौतीस वर्षांत," ते म्हणाले, आणि थांबले. पुढचं आम्हाला कळलं. किती दुकानदार, किती सीलबंद नमुने, आणि किती नमुने कुणी फोडायला सांगितलेच नव्हते. पण ते बोलले नाहीत, आणि त्या दिवशी विचारायची कुणाची छाती नव्हती.

ते खुर्चीत बसले, वजन बाजूला केलं, पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मामा म्हणाला. "आधी रेघा."

"कसल्या?"

"बाटल्यांवरच्या. घरात दारूचा वास येतो त्याचा मला कधी त्रास झाला नाही, भावजी. रेघांचा होतो. पाणी प्यायला खाली आलो आणि दार उघडं असलं की त्या दिसतात. खाली माझ्या येण्याची तारीख."

काका उठले. कापसाचा बोळा त्यांनी साध्या दारूत बुडवला, कारण मार्करची शाई पाण्याने जात नाही, आणि एकेक बाटली पुसायला घेतली. सात बाटल्या, आणि आठवी अर्काची. शेवटच्या बाटलीशी ते जरा रेंगाळले, रेघ पुसली, तारीख पुसली, आणि बाटली परत जागेवर ठेवताना तिच्याकडे एक क्षण जास्त बघितलं. त्यांना आकडे पाठ राहतात. हे मला माहीत आहे, आणि मामालाही माहीत होतं.

मग त्यांनी सही केली. मामाने कागद हातात घेतला, खिडकीजवळ नेला, अक्षर अन् अक्षर वाचलं, उलटा करून मागची बाजू बघितली.

"मागे काही नाही," काका म्हणाले.

"बघितलेलं बरं," मामा म्हणाला. "अजून दोन प्रती काढा."

"दोन?"

"एक शाळेची. एक माझी. आणि एक सीलबंद, तुमच्या कपाटात. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको."

काकू हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकांना हसू आलं नाही. त्यांनी खाली मान घालून दोन्ही प्रती हाताने लिहून काढल्या. तिसरी पाकिटात घालून तार ओवली. खणातून चिमटा काढला, शिसं बसवलं आणि दाबायला गेले, तेव्हा मामाने हात पुढे केला.

काकांनी चिमटा त्याच्याकडे दिला.

मामाने दोन्ही मुठींनी जोर लावून सील दाबलं. मग तारेला दोनदा ओढून बघितलं, खिडकीच्या उजेडात ठसा तपासला, आणि सुजलेल्या गालावर हात ठेवून म्हणाला, "शाबूत. आता कुणीतरी माझ्यासोबत दाताच्या डॉक्टरकडे चला. सगळ्यांनी मिळून या हवं तर, साक्षीदार लागतील."

काकांनी पायात चपला घातल्या.